चुलीच्या देवाचं तोंड

माझं आडनाव म्याओ. यावर करायच्या सगळ्या कोट्या लोकांनी केव्हाच करून संपवल्या आहेत, तेव्हा तुम्ही त्रास घेऊ नका. शांघायजवळच्या खुन्शानला मोटारींच्या वायरी बांधायचा आमचा कारखाना आहे. मोटारीच्या पोटात वायरींचं जे जाडजूड जुडगं असतं, ते पूर्ण यंत्राने बांधून होत नाही. त्याला माणसांची बोटं लागतात, आणि बोटं म्हणजे बायकांची. अशा वीसेक बायकांच्या तीन नंबर लाइनची मी लीडर. लीडर म्हणजे काय, तर माल कमी निघाला की वरून शिव्या खायच्या आणि खाली वाटायच्या. मी खायचे, वाटायचा मात्र कंटाळा करायचे.

त्या हिवाळ्यात कंपनीने फूयांगला नवा कारखाना बांधला. फूयांग म्हणजे माझा जिल्हा. नव्या कारखान्याच्या फाटकासमोर जी बस थांबते, तीच पुढे आमच्या गावाला जाते. तिथे एक सेक्शन हेड हवा होता आणि तो इथल्या कामगारांतूनच घ्यायचा असं ठरलं होतं. पण मालक परदेशी. आपला मॅनेजर ज्याला बोट दाखवेल त्याला उचलायचं, ही रीत त्यांना पटत नाही. कामगारांत साहेब व्हायचा गुण कुणात आहे, हे शोधायला त्यांनी शांघायहून एक बाई बोलावली.

मला ती जागा का हवी होती ते आधी सांगते. गावी सासूबाईंजवळ माझी निनी असते. नऊ वर्षांची. नवरा शिनजियांगला बांधकामावर, तो वर्षातून एकदा उगवतो. मी रोज जेवणानंतर निनीला फोन करायचे. एकदा तिने फोन उचलला आणि म्हणाली, "तुम्ही जेवलात का?" मला वाटलं, घरी कोणी पाहुणा आलाय, त्याला विचारतेय. पाहुणा कसला, मलाच विचारत होती. शाळेत शिकवलं होतं म्हणे, मोठ्या माणसांना 'तुम्ही' म्हणावं. पण आजीला ती 'तू'च म्हणत होती. शेजारच्या म्हाताऱ्यालाही 'तू'. 'तुम्ही' फक्त शाळेतल्या बाईंना आणि मला. फोन ठेवून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसले आणि पोटभर रडले. रडून झाल्यावर ठरवलं, फूयांगची जागा आपली झालीच पाहिजे.

निवडीला आम्ही चौघं होतो. त्यातल्या दोघा पोरांना खुन्शान सोडायचंच नव्हतं, साहेबांनी नाव घातलं म्हणून ती येऊन बसली होती. खरी चुरस माझी आणि पाच नंबर लाइनच्या पांगची. पांग म्हणजे, कसं सांगू, त्याच्या लाइनवरच्या बाईला संडासला जायचं असेल तर गळ्यात अडकवायला एकच कार्ड असतं, आणि ते कार्ड त्याच्या खिशात. मागायला गेलं की तो आधी घड्याळाकडे बघतो, मग तोंडाकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. त्याच्या पोरी सकाळपासून पाणी पीत नाहीत. तरी माल वेळेवर देतो, म्हणून साहेब लोकांचा लाडका. आमच्यातला जो जाईल त्याची लाइन मागे राहणाऱ्याकडे येणार, हेही ऑफिसने आधीच सांगून टाकलं होतं.

शांघायच्या बाईंचं नाव रुआन. पन्नाशीच्या, आखूड केस, आवाज बारीक. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला वरच्या काचेच्या खोलीत बसवून एक छापील गोष्ट वाचायला दिली आणि आपसात चर्चा करायला सांगितली. पांग लगेच सुरू झाला. मी थांबले, आणि ती दोन पोरं तोंड उघडतच नाहीत असं बघून त्यांना एकेक साधा प्रश्न विचारला. पोरं बोलायला लागली. रुआन मॅडमनी काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एक नट आणला होता. तो चिडलेला कामगार झाला होता आणि आम्ही एकेकाने त्याची समजूत घालायची होती. पांगने त्याला नियम वाचून दाखवले. माझी पाळी आली तेव्हा मी आधी त्याला पेलाभर गरम पाणी दिलं आणि त्याची खुर्ची फिरवली, काचेकडे पाठ येईल अशी. मग कुठला, घरी कोण, असं विचारत बसले. तो नट बिचारा दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडायचं विसरला.

"खुर्ची का फिरवली?" नंतर मॅडमनी विचारलं.

"समोर काचेतून खाली लाइन दिसते ना. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याला माघार घेता आली नसती. पाठ असली की घेतो माणूस."

मॅडम बराच वेळ लिहीत राहिल्या. मी जिना उतरले ती जवळजवळ नाचतच. मनातल्या मनात मी निनीच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभीसुद्धा राहिले होते.

तिसऱ्या दिवशी आम्हाला काही काम नव्हतं. त्या दिवशी मॅडम आमच्या हाताखालच्या माणसांना एकेक करून वर बोलावणार होत्या, दर लाइनच्या सहा जणी. माझ्या लाइनवरून सगळ्यात आधी ल्वो मावशी गेली, शेवटी श्याओमान. या बाबतीत मला तिळमात्र काळजी नव्हती. परीक्षेत मी कुठे कमी पडले असेन, पण माझ्या बायका माझ्याबद्दल वाकडं बोलणार नाहीत, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं.

चौथ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी मॅडमनी मला बोलावलं. दार लावून घेतलं.

"हे मी उमेदवाराला सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण मला चैन पडत नाही. पहिले दोन्ही दिवस तुम्ही पुढे होतात. तुमच्या लाइनवर खराब माल सगळ्यात कमी. आणि तुमच्या सहा बायका एकापाठोपाठ एक येऊन मला सांगतात की म्याओताई घाबरट आहे. जरा काही झालं की रडते. बरोबर कोणी असेल तर ठीक, नव्या जागी एकटीने तिला जमायचं नाही."

"सहाही जणी?" मी विचारलं.

"सहाही जणी हेच बोलल्या. घाबरते, रडते, एकटीला जमायचं नाही. याच क्रमाने. माझं निम्मं आयुष्य या धंद्यात गेलंय. सहा माणसं एकाच शब्दांत बोलली म्हणजे एक तर ते अगदी खरं असतं, नाहीतर पाठ केलेलं असतं. उद्या दुपारी मला नाव द्यायचं आहे. त्या खोटं बोलल्या असतील तर का बोलल्या, एवढं मला सकाळी येऊन सांगा. कारण पटलं तर नाव तुमचं."

जिना मी एका दमात उतरले. घाबरून नाही, संतापाने.

कॅन्टीनमध्ये त्या दिवशी सणाचं जेवण होतं. वर्षाच्या शेवटच्या महिन्याची तेविसावी तिथी, चुलीच्या देवाची पाठवणी. हा देव वर्षभर चुलीमागच्या भिंतीवर चिकटून घरातल्या भानगडी बघत असतो आणि त्या दिवशी वर जाऊन सगळं सांगतो. म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला जवाच्या साखरेचा चिकट गोळा लावायचा. गोड बोलला तर उत्तम, दात चिकटून गप्प बसला तर त्याहून उत्तम. कारखान्यात चूल कुठली, पण टेबलाटेबलावर तीळ लावलेल्या त्या साखरेच्या वड्या ठेवल्या होत्या.

माझ्या बायका नेहमीच्या टेबलावर होत्या. मी ताट न घेताच समोर जाऊन बसले.

"मावशी, मी घाबरट आहे?"

ल्वो मावशी सूप पीत होती. "ताट घेऊन ये आधी. सूप निवतंय."

"मी रडते?"

"रडतेस की ताई," श्याओमान म्हणाली. "मागच्या वर्षी त्या हरवलेल्या कुत्र्याच्या सिनेमाला तूच तर..."

"तू गप बस. थोबाड फोडीन."

टेबलावरच्या बाकीच्यांनी आपापल्या भातात डोकी घातली. मावशीने वाटी खाली ठेवली, बाहीने तोंड पुसलं.

"पोरींना बोलू नकोस. मी पढवलं त्यांना," ती म्हणाली. "ऐकायचंय ना? मग नीट ऐक. त्या बाईने मला विचारलं, म्याओ कशी आहे. जिभेवर आलं होतं, सोनं आहे. मग म्हटलं, सोनं म्हणावं तर ही उचलून घेऊन जाईल. पितळ सांगावं, म्हणजे घरात राहील."

"अगं पण..."

"तू गेलीस की आम्ही पांगच्या हाताखाली. पांग गेला की पाच नंबरवाल्या तुझ्या हाताखाली. आता सांग, त्यांनी काय सांगितलं असेल त्याच्याबद्दल?"

श्याओमानला राहवेना. "ताई, ऐक तरी. त्या म्हणाल्या, पांगदादा आम्हाला बापासारखा. कुणाचं पोट दुखलं तर तो स्वतः गरम पाणी आणून देतो. एकीने तर बोलता बोलता डोळ्यांत पाणी काढलं."

"पांग? गरम पाणी?"

"पाणी प्यायलाच देत नाही तो, गरम कुठून देणार," कोणीतरी म्हणालं, आणि सगळं टेबल फिसकन हसलं. मीसुद्धा हसले असते. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर नक्की हसले असते.

"रोगराईच्या देवाला लोक वाजतगाजत गावाबाहेर नेऊन पोचवतात," मावशी म्हणाली. "तसं चाललंय त्यांचं. आणि आम्ही आमच्या देवाला आत कोंडतोय. एवढंच झालंय."

"मावशी, निनी मला 'तुम्ही' म्हणते. तुला माहितीय."

हसणं थांबलं.

"माहितीय," मावशी म्हणाली.

"माहीत असून केलंस?"

"माहीत असून केलं. मी काही देवमाणूस नाही, रुइफांग." ती मला नावाने क्वचितच हाक मारायची. "पेन्शन चालू व्हायला मला अजून दोन वर्षं भरायची आहेत. माझे डोळे कसे आहेत ते तुला माहितीय आणि मला. पांग मला दोन दिवस ठेवेल का? तुझ्या पोरीची दोन वर्षं मी खातेय, ते कळतं मला. पण दुसरीकडे कुठून आणू?"

मावशीच्या डोळ्यांची गोष्ट अशी. गेल्या वर्षापासून तिला बारीक वायरींचे रंग ओळखू येत नव्हते. तपकिरी आणि जांभळा तिला सारखाच, हिरवा आणि निळा सारखाच. आमच्या कामात रंग चुकला की सगळंच चुकलं. कंपनीचा नियम असा की दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीने जागा बदलायची, म्हणजे सगळ्यांना सगळं काम येतं. लाइनच्या टोकाला एक फळा आहे, त्यावर जागांची नावं आणि आमच्या नावांचे लोहचुंबकाचे बिल्ले. मी दर पंधरा दिवसांनी मावशीचा बिल्ला सरकवायचे. मावशीला मात्र शेवटच्या जागेवरून हलवायचे नाही. तिथे फक्त टेप गुंडाळायची असते, ती बोटांनी कळते, आणि मावशीइतकी घट्ट टेप अख्ख्या कारखान्यात कोणी गुंडाळत नाही. माल कधी बिघडला नाही. पण नियम तो नियम. कळलं असतं तर मावशी त्याच दिवशी घरी आणि मी तिच्या मागोमाग.

म्हणजे बघा, मी कशी अडकले होते. माझ्या बायका खोटं का बोलल्या, हे मॅडमना पटवायचं तर त्यांना मी इतकी का हवी आहे ते सांगायला लागणार. आणि ते सांगायचं म्हणजे मावशीचे डोळे उघडे करायचे. माझ्या चांगुलपणाचा पुरावा हाच माझा गुन्हा होता. पांगचा जाच सांगावा, तर त्याच्याच पोरी त्याला बाप म्हणून गेलेल्या. दुसरा पुरावा माझ्याजवळ नव्हता, मी रात्रभर शोधला.

कॅन्टीनमधून उठताना मावशीने साखरेची एक वडी माझ्या खिशात घातली. "उद्या वर जाशील ना. जे बोलायचं ते गोड बोल," ती म्हणाली. ती विनवत होती, धमकावत होती की निरोप देत होती, मला कळलं नाही. वडी तिच्या तोंडावर फेकावी असं मात्र वाटलं. मी फेकली नाही, आणि याचाही मला राग आला.

सकाळी जिना चढताना मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. अगदी ठरवलं होतं. मावशीला पोरं आहेत, ती बघतील तिच्याकडे. माझी पोरगी मला कोण परत देणार आहे? प्रत्येक पायरीला मी हेच घोकत होते. खिशात हात गेला तर ती वडी. तिरीमिरीत मी ती तोंडात टाकली. देवाला देतात, मग मलाही खाऊ दे.

रुआन मॅडम काचेपाशी उभ्या होत्या. खाली लाइन सुरू झाली होती.

"बोला," त्या म्हणाल्या.

मला बोलताच येईना. वडी दाढेत अशी रुतली होती की जबडा उघडेना. मी हाताने थांबा म्हटलं. मॅडमना वाटलं, शब्द शोधतेय. त्या थांबल्या. तेवढ्या वेळात मी खाली बघितलं. मावशी टेपच्या जागेवर होती. मान खाली, हात भराभर चाललेले. मध्येच तिने मान वर करून काचेकडे बघितलं. तिला मी दिसणं शक्य नव्हतं, एवढ्या लांबून तिला काचसुद्धा दिसत नसेल. तरी ती बघत राहिली, आणि हात चालूच होते.

"ती शेवटची बाई," मॅडम म्हणाल्या, "तीच परवा पहिली आली होती ना माझ्याकडे? एक विचारू? तुमच्याकडे दर पंधरवड्याला जागा बदलतात. काल सकाळी फळ्यावरचे बिल्ले सरकलेले मी पाहिले. तिचा बिल्ला पहिल्या जागेवर आहे, रंग निवडायच्या. बाई मात्र मी आले त्या दिवसापासून टेपवरच दिसतेय."

वडी एकदाची सुटली. साखर जिभेवरून घशात उतरली, आणि माझ्या लक्षात आलं की आता सांगायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. मॅडमचं बोट बरोबर मावशीवर होतं. मी गप्प राहिले तर त्या खाली उतरून तिलाच विचारतील. तिच्या हातात दोन वायरी देतील आणि म्हणतील, तपकिरी कुठली?

"त्या खरं बोलल्या," मी म्हणाले.

"कोण?"

"माझ्या बायका. मी घाबरते. जागा बदलल्या की माल बिघडेल अशी मला धास्ती असते. ज्या बाईचा हात जिथे बसलाय तिथून तिला हलवायचा मला धीर होत नाही. म्हणून नुसता बिल्ला सरकवते. त्या टेपवाल्या बाईचा यात काही दोष नाही, ती तर माझ्यामागे लागते बदल म्हणून. नव्या कारखान्यात सगळंच नवं असणार. मला एकटीला नाही जमायचं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. बाई हुशार होती, आणि वाईटही नव्हती. म्हणूनच तिचं बघणं सोसवेना.

"तुम्ही घाबरलेल्या दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही रडता असंही त्यांनी सांगितलं होतं."

मी रडणार नव्हते. पण तेवढ्यात मला निनीच्या शाळेचं फाटक दिसलं, जिथे मी मनातल्या मनात जाऊन उभी राहिले होते. तिथली मी पाठ फिरवून चालू लागले, आणि मग माझे डोळे माझ्या ताब्यात राहिले नाहीत. मी बाहीने पुसत होते आणि ते पुन्हा भरत होते.

"बघा," मी म्हणाले. "रडते ना?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. जागा बदलायची चौकशी करणं हे त्यांचं काम नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. दारापर्यंत पोचवायलाही आल्या. "स्वतःला ओळखणं म्हणून आमच्याकडे एक गुण असतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यात मी तुम्हाला पैकीच्या पैकी देतेय. दुसरं काही देता येत नाही."

फूयांगला पांग गेला. पाच नंबरच्या पोरींनी त्याला जेवण दिलं, हार घातला, रेल्वे स्टेशनपर्यंत पोचवायला गेल्या. गाडी खरंच सुटली की नाही ते बघितल्याशिवाय एकही जण परत फिरली नाही. पांगला इतकं भरून आलं की त्याने गाडीच्या दारातून ते संडासचं कार्ड आठवण म्हणून त्यांना दिलं. पोरींनी ते स्टेशनातल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि मग सगळ्या मिळून तिथल्या संडासात गेल्या, असं श्याओमान सांगते. तिचं किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

मला दोन लाइनी मिळाल्या. आता चाळीसेक जणी मला 'तू' म्हणतात. रोज माझ्या भातावर कुणाच्या ना कुणाच्या वाटचं उकडलेलं अंडं येतं, हिवाळ्यात माझ्या खुर्चीवर शिवलेली गादी आली, गळ्याला मफलर आला. मावशीने त्या सकाळबद्दल मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एकदा तिने नुसता माझा हात धरला, तर मी सोडवून घेतला. राग गेला नव्हता. तिच्यावर राग धरून काही उपयोग नव्हता, म्हणून तर तो जात नव्हता.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळनंतर आठवड्याभरात, वर्षअखेरीच्या सुट्टीला, मी घरी गेले. बस त्या नव्या कारखान्यासमोर थांबली. फाटक निळं होतं, कमानीला लाल कंदील लावले होते. तीन पोरी सामान घेऊन चढल्या, गावचीच बोली बोलत होत्या. मी खिडकीकडे पाठ करून बसले.

घरी पोचले तर निनी दारात उभी. उंच झाली होती. "आलात? दमला असाल," म्हणाली आणि झाकणाचा चिनी मातीचा पेला घेऊन आली. तो पेला आम्ही पाहुण्यांसाठी ठेवतो, लग्नातला आहे. मी त्यातला चहा प्यायले.

संध्याकाळी चुलीचा देव परत आणायचा होता. आठवड्यापूर्वी वर पाठवलेला देव वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी नवं चित्र होऊन त्याच भिंतीवर येतो. सासूबाई स्टुलावर चढल्या होत्या, निनीच्या हातात खळीची वाटी होती.

"आजी, वर जाऊन काय सांगितलं गं त्याने आपल्याबद्दल?"

"काय सांगणार? तोंडात साखर होती त्याच्या," सासूबाई म्हणाल्या.

निनी भिंतीला खळ लावू लागली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुम्ही इकडच्या कारखान्यात येणार होता ना? आजी म्हणाली होती."

"नाही झालं ते."

"का?"

तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगण्याजोगं नव्हतं. मग जे सगळ्यांना सांगितलं होतं तेच सांगितलं. "त्यांना वाटलं, मी घाबरते. मला एकटीला नाही जमायचं."

निनी थांबली. खळीचा ब्रश हातात तसाच. नवीन गणित घातल्यावर विचार करते तसा तिने विचार केला.

"मग घाबरणाऱ्या माणसाला इतक्या लांब एकटं का ठेवलंय?"

सासूबाईंनी स्टुलावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. देवाचं चित्र एका बाजूने सुटून खाली लोंबत होतं. निनीने ते उचललं, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्यापुढे केलं.

"तुम्ही हा कोपरा धरा," ती म्हणाली.

मी धरला.